हवेचा सातबारा

नरकचतुर्दशीच्या पहाटे, बाहेर अजून काळोख असतानाच, न्हाणीघरात बंब पेटलेला असे, उटण्याचा वास घरभर दरवळत असे आणि ओटीवरच्या रेडिओवरून नरकासुरवधाचे कीर्तन चाललेले असे. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची दिवाळी अशी उजाडली. कारीट आधी कुणी फोडायचे ह्यावरून मुलांची भांडणे होत. पण ह्या कीर्तनाचा खर्च कोण सोसतो आणि ज्या हवेतून ते आपल्या ओटीवर उतरले त्या हवेचा धनी कोण, असा प्रश्न कुणाच्या स्वप्नातही आला नसेल. सणाच्या दिवशी असले प्रश्न विचारूही नयेत म्हणा! परंतु फराळाचे ताट पुढे ठेवून दिवाळी अंक उघडणाऱ्या वाचकाला वर्षातून एकदा थोडी सवड मिळते. ती साधून हा प्रश्न आज विचारावा असे मनात आले.

आम्ही मुरबाड तालुक्यातली माणसे. आम्हांला जमिनीची मालकी लवकर समजते. बांधावरून भांडण झाले की आम्ही तलाठ्याकडे जातो आणि सातबारा काढतो. सातमध्ये मालकाचे नाव, बारामध्ये पिकाची नोंद, शिवाय 'इतर हक्क' म्हणून एक रकाना. जमीन हस्तांतरित झाली की फेरफार होतो आणि नाव बदलते. पण ह्या कागदाहूनही मोठी एक गोष्ट खेड्यातल्या शहाण्या माणसाला ठाऊक असते, ती म्हणजे वहिवाट. नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, असे झाले की कागद पेटीत राहतो आणि भात दुसऱ्याच्या कणगीत जाते. रेडिओच्या हवेचा असाच सातबारा काढून पाहिला तर गेल्या शंभर वर्षांत तिच्यावर झालेले फेरफार मोठे मनोरंजक आहेत. त्यांत आपले नाव कोठे आहे, हे पाहण्याजोगे आहे.

पहिली नोंद सरकारची. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रे उभारण्याचा एकाधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. त्या वेळी बिनतारी संदेश जन्माला यावयाचा होता; पण तो जन्मला तेव्हा त्याच कायद्याच्या छायेत येऊन बसला. १९२३ साली मुंबईच्या हौशी रेडिओ क्लबाने कार्यक्रम ध्वनिक्षेपित करून पाहिले. पुढच्याच वर्षी मद्रासच्या क्लबानेही तसे केले. ही हौशी मंडळी होती. त्यांच्यापाशी उत्साह होता, भांडवल नव्हते. धंदा म्हणून ह्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकले ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' ह्या खाजगी कंपनीने. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते तिच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. म्हणजे आपल्या देशात नियमित रेडिओचा आरंभ झाला तो सरकारी नव्हे, खाजगी मालकीने. आणि तोही आपल्या मुंबईत.

ह्या कंपनीच्या उत्पन्नाची रचना पाहण्यासारखी होती. ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावयाचा. त्यांतले आठ रुपये कंपनीला मिळावयाचे. परदेशातून येणाऱ्या यंत्रसामग्रीच्या किमतीवरही तिला दहा टक्के वाटा ठरला होता. आता शाळेतल्या मुलांना घालतो तसे एक गणित घालू. १९२९ च्या अखेरीस साऱ्या देशात परवाने होते ७,७७५. प्रत्येकी आठ रुपये धरले तर वर्षाचे उत्पन्न सुमारे ६२ हजार रुपये. एवढ्यात मुंबई आणि कलकत्ता अशी दोन केंद्रे चालवावयाची. गवई, वादक, अभियंते, वीज, इमारती, सगळे ह्यातच! शिवाय परवाना न घेता चोरून ऐकणारे होते ते निराळेच. कंपनीच्या केंद्रांची ताकद दीड किलोवॅट, म्हणजे तीस मैलांच्या पलीकडे आवाज नीट पोहोचेना. आमचे म्हसा मुंबईपासून सरळ रेषेतही त्याहून लांब! सहा लाखांच्या जमलेल्या भांडवलातले बरेचसे केंद्रे उभारण्यातच गेले आणि १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. पहिल्या मालकाची वहिवाट तीन वर्षेसुद्धा टिकली नाही.

ह्या अपयशातला धडा पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरला आहे. रेडिओ ही अशी वस्तू आहे की ती एकाने ऐकली तरी दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याला ऐकण्यापासून अडविताही येत नाही. दुकानदार पुडी बांधून देतो आणि पैसे घेतो. गाणे हवेत सोडल्यावर पुडी कशी बांधणार? म्हणून रेडिओचा खर्च तीनच मार्गांनी निघू शकतो : ऐकणाऱ्याकडून परवान्याच्या रूपाने, सरकारी तिजोरीतून, किंवा ज्याला ऐकणाऱ्याचा कान हवा आहे अशा जाहिरातदाराकडून. आणि जो खर्च देतो त्याच्या कलाने गाणे लागते.

कंपनी बुडाल्यावर १ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. पण सरकारलाही हे मूल नकोसेच होते. ऑक्टोबर १९३१ मध्ये काटकसर म्हणून ते बंद करण्याचे ठरले. ज्यांनी संच विकत घेतले होते ते आणि ज्यांच्या दुकानात संच पडून होते ते, दोघांनी मिळून ओरडा केला. सरकार नमले, ५ मे १९३२ रोजी रेडिओ चालू ठेवण्याचा निर्णय झाला. मात्र सरकारने आपली सोयही पाहिली. परदेशी संचांवरील जकात पन्नास टक्क्यांपर्यंत नेली आणि १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून संच बाळगणे हाच गुन्हा ठरविला. त्या सुमारास लंडनहून बी.बी.सी.ची साम्राज्यासाठीची सेवा सुरू झाली, तेव्हा इथल्या गोऱ्या साहेबांना संच घ्यावेसे वाटू लागले आणि १९३४ च्या अखेरीस परवाने सोळा हजारांवर गेले. १९३५ साली बी.बी.सी.तून लायोनेल फील्डन नावाचे गृहस्थ प्रमुख म्हणून आले आणि ८ जून १९३६ रोजी ह्या खात्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. सातबारावर सरकारचे नाव आता ठसठशीत लागले.

ह्या सरकारी काळाच्या ऐन मध्यावर थोड्या आठवड्यांचा एक फेरफार झाला; त्याची नोंद कोणत्याही तलाठ्याने केली नाही. १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालू केला. पोलिसांचा माग चुकविण्यासाठी यंत्र ह्या घरातून त्या घरात हलवावे लागे. जी बातमी सरकारी रेडिओ दडपी ती हा रेडिओ देई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ध्वनिक्षेपण चालू असतानाच पोलिसांनी तो पकडला. त्याच महिन्यांत आमच्या बाजूच्या डोंगरांत भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडीत होता, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. ह्या दोन गोष्टी मी एका ठिकाणी सांगतो, कारण दोन्हींत साधनाच्या मालकीचाच प्रश्न होता. काँग्रेस रेडिओला परवान्याचे उत्पन्न नव्हते, जाहिरात नव्हती, तिजोरी नव्हती. देणगीवर आणि जिवावर तो चालला. म्हणूनच असेल, तो अडीच-तीन महिनेच चालला, आणि तरीही त्याचे नाव ऐंशी वर्षांनंतर घेतले जाते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली आणि देशात संच होते सुमारे पावणेतीन लाख. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. मालक सरकारच, पण पूर्वीचे परके आणि आताचे आपले. ह्या मालकाने काय पेरले, ते बाराच्या रकान्यात पाहावे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत ध्वनिक्षेपित झाले आणि वर्षभर आठवड्याला एक ह्या हिशेबाने गदिमांची शब्दकळा व बाबूजींचा स्वर घराघरांत उतरला. त्या छप्पन्न गीतांच्या मध्ये कोणी साबण किंवा दंतमंजन विकले नाही. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने खेड्यांसाठी एक प्रयोग केला : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. ऐकणाऱ्यानेही बोलावे ही त्यातली मोठी गोष्ट. आमचा ठाणे जिल्हा ह्या पाचांत नव्हता, एवढेच काय ते वैगुण्य!

परंतु सरकारी मालक म्हटला की त्याला वाटते, रयतेला काय आवडावे हेही आपणच ठरवावे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मराठी गृहस्थ, विद्वान, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते अशी त्यांची खात्री होती. गीतांचा वेळ कमी झाला. शिवाय गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून ते नाव गाळण्याचे ठरले. निर्माते रुसले आणि त्यांनी गाणी लावण्याची परवानगीच काढून घेतली. शास्त्रीय संगीताला ह्या काळात जो आश्रय मिळाला त्याचे श्रेय केसकरांना द्यावयालाच हवे. पण श्रोता म्हणजे वर्गात कोंडता येणारा विद्यार्थी नव्हे, हे ते विसरले. आम्हां शिक्षकांना ह्या चुकीची चांगली ओळख आहे. खिडकी उघडी असली की पोर बाहेर पाहणारच.

खिडकी होती समुद्रापलीकडे, कोलंबोला. महायुद्धात दोस्तांच्या आग्नेय आशिया विभागाने लंकेत एक जबरदस्त ध्वनिक्षेपक उभारला होता. युद्धानंतर तो लंका सरकारकडे आला आणि त्यावर रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. ३ डिसेंबर १९५२ पासून दर बुधवारी रात्री आठ वाजता तेथून 'बिनाका गीतमाला' ऐकू येऊ लागली. निवेदक अमीन सयानी मुंबईचे, कार्यक्रम मुद्रित होई मुंबईत, पैसा सिबा कंपनीच्या दंतमंजनाचा, गाणी मुंबईच्या चित्रपटांची, ऐकणारे भारतातले. फक्त ध्वनिफीत विमानाने कोलंबोला जाई आणि गाणे तेथून परत घरी येई! पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत येऊ लागली, असे सयानी स्वतः सांगत. आपलेच धान्य सीमेपलीकडे दळून आणण्यातला हा प्रकार होता; दळणावळीचे पैसे मात्र लंका सरकारच्या खात्यात जमा होत. लंकेचा रेडिओही सरकारीच होता, हे येथे ध्यानात घ्यावे. तेव्हा प्रश्न नुसता सरकारी आणि खाजगी असा नव्हता. श्रोत्याला विचारणारा आणि न विचारणारा, असा तो फरक होता.

दिल्लीला हे कळले, पण उशिरा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. तिची आखणी केली कविवर्य नरेंद्र शर्मांनी. त्यांनी चित्रपटगीताला मानाने घरात घेतले. पण जाहिरातीला दार बंदच होते. १९६४ मध्ये नभोवाणीचा साकल्याने विचार करण्यासाठी अशोक चंदा ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १९६६ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या दोन शिफारशी आपल्या कामाच्या आहेत. एक, नभोवाणी सरकारी खात्यातून काढून स्वायत्त महामंडळाकडे द्यावी. दुसरी, जाहिराती घ्याव्यात. दुसरी शिफारस दीड वर्षात अमलात आली : १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी सेवा सुरू झाली, आणि ती देशात सर्वप्रथम मुंबई, पुणे व नागपूर ह्या आपल्या तीन शहरांत. पहिल्या शिफारशीचे काय? १९७८ मध्ये वर्गीज समितीने 'आकाश भारती' नावाने तीच मागणी पुन्हा केली, १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि महामंडळ प्रत्यक्षात आले नोव्हेंबर १९९७ मध्ये. पैसा आणणाऱ्या सूचनेला दीड वर्ष लागले. सत्ता सोडण्यास सांगणाऱ्या सूचनेला एकतीस वर्षे! सरकारच्या स्वभावावर ह्याहून निराळे भाष्य करावयास नको.

तथापि त्या व्यापारी सेवेने घराघरांत एक रंगत आणली, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. ट्रॅन्झिस्टर आल्यावर तर रेडिओ ओटीवरून उठून खळ्यावर, गाडीतळावर आणि न्हाव्याच्या दुकानात गेला. आमच्या म्हशाच्या जत्रेला पौष पौर्णिमेला बैलांचा बाजार भरतो. गुराख्याच्या कमरेला घोंगडी आणि खांद्याला ट्रॅन्झिस्टर हे चित्र जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून आहे. ते शक्य झाले ह्याचे कारण विज्ञानात आहे. त्या वेळचे ध्वनिक्षेपण मध्यम लहरींवर होते. मध्यम लहर जमिनीला धरून सरपटत जाते, डोंगराला वळसा घालते, शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या झोपडीतही पोहोचते. खरखर होते, पण पोहोचते. आणि परवाना असो वा नसो, ती सगळ्यांच्या दारी सारखीच जाते. तो परवानाही पुढे, १९८० नंतरच्या दशकात, रद्द झाला. श्रोता रेडिओचा खर्च थेट देईनासा झाला. त्या वेळी आपल्याला ती दिवाळीची भेट वाटली. पण दहा-पंधरा रुपयांबरोबर एक हक्कही आपण सोडून दिला, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

पुढचा फेरफार १९९३ सालचा. त्या वर्षी १५ ऑगस्टला आकाशवाणीने मुंबई व दिल्लीच्या एफएम वाहिनीवरचे तास खाजगी संस्थांना विकावयास आरंभ केला. 'टाइम्स एफएम' आणि 'रेडिओ मिड-डे' ही नावे मुंबईकरांच्या तोंडी बसली. यंत्र सरकारचे, वेळ भाड्याचा. १९९८ मध्ये ही व्यवस्था बंद झाली. ह्या दोन सालांच्या मध्ये, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. तो प्रत्येक शाळेत शिकवावा अशा योग्यतेचा आहे. वाद होता क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा. निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी न्यायाधीश होते. न्यायालयाने सांगितले की, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा उपयोग जनतेच्या हितासाठी आणि सार्वजनिक नियंत्रणाखाली झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारीही नको आणि ती धनिकांच्या हाती निर्बंध जाणेही नको, असा त्याचा आशय होता. सातबारावर मालक म्हणून प्रथमच जनतेचे, म्हणजे तुमचे-माझे नाव लागले. पण वहिवाट?

वहिवाटीचा लिलाव झाला २००० साली. चाळीस शहरांतल्या १०८ एफएम लहरी बोलीला ठेवल्या गेल्या. एका शहरात वाहिन्या थोड्याच बसतात, कारण दोन वाहिन्यांमध्ये ८०० किलोहर्ट्‌झचे अंतर राखावयाचे असते; वस्तू मोजकी, म्हणून बोली चढती. मुंबईच्या एका वाहिनीची बोली वर्षाला ९ कोटी ७५ लाख रुपयांवर गेली, आणि दर वर्षी तीत पंधरा टक्के वाढ. चक्रवाढीचे हे गणित सातवीच्या मुलालाही येईल : दहाव्या वर्षी हा आकडा ३४ कोटींच्या वर जातो. बोली लावणाऱ्या मोठ्या माणसांनी ते केले नसावे. १०८ पैकी जेमतेम एकवीस-बावीस वाहिन्या प्रत्यक्षात सुरू झाल्या, त्याही बारा शहरांत. ३ जुलै २००१ रोजी बंगळूरला 'रेडिओ सिटी' ही पहिली खाजगी वाहिनी बोलू लागली आणि २००२ मध्ये मुंबईत एकदम पाच-सहा वाहिन्या उगवल्या. त्यांतली 'विन' अल्पायुषी ठरली. तेव्हा २००५ मध्ये सरकारने धोरण बदलले : एकदाच प्रवेशशुल्क घ्यावयाचे आणि मग दर वर्षी उत्पन्नाच्या चार टक्के. आमच्या भाषेत सांगावयाचे तर खंडाने दिलेले शेत वाट्याने दिले. त्याबरोबर धंदा वाढला. २०१५ च्या लिलावात छप्पन्न शहरांतल्या सत्त्याण्णव वाहिन्यांतून सरकारला अकराशे कोटींहून अधिक रक्कम मिळाली.

आता ही वहिवाट कोणाकोणाच्या हाती आहे ते पाहू. 'रेडिओ मिर्ची' टाइम्स समूहाची. 'रेडिओ सिटी' २०१५ मध्ये हिंदी दैनिक जागरणच्या समूहाने घेतली. 'माय एफएम' भास्कर समूहाची. नागपूरकरांना ती परिचित आहे. 'रेड एफएम' आरंभी इंडिया टुडे समूहाची होती, पुढे ती दक्षिणेतल्या सन समूहाच्या वर्तुळात गेली. 'बिग एफएम' अनिल अंबानींच्या समूहाची. ती कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि २०२४ मध्ये नव्या मालकाकडे गेली. कोल्हापूरला 'पुढारी' दैनिकाच्या समूहाची 'टोमॅटो एफएम' आहे. ह्या यादीकडे पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते : जो सकाळी वर्तमानपत्र देतो, तोच बहुधा दुपारी गाणे ऐकवितो. त्याचे कारणही उघड आहे. वर्तमानपत्राकडे जाहिरातदार आधीच बांधलेला असतो. त्यालाच पानाबरोबर दहा सेकंदही विकता येतात. एकाच हाती सारे जाऊ नये म्हणून नियमाने देशातल्या एकूण वाहिन्यांच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मात्र ह्या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी आहे. २०१९ पासून त्यांना आकाशवाणीची वार्तापत्रे तशीच्या तशी लावता येतात. म्हणजे वर्तमानपत्रवाल्याच्या हाती रेडिओ, आणि त्या रेडिओला वर्तमान सांगण्याची मनाई! उरते काय? गाणी, गप्पा आणि गिऱ्हाईक.

ह्यात कोणी खलपुरुष आहे असे माझे म्हणणे नाही. कोटी रुपये देऊन लहर घेणाऱ्याने ती वसूल करावी हे न्यायाचेच आहे. पण त्याचे परिणाम आपण ओळखले पाहिजेत. मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी. तेथल्या खाजगी वाहिन्यांवर बहुतांश राज्य हिंदी चित्रपटगीताचे चालते. मराठीचा द्वेष हे त्याचे कारण नाही. देशभर विकावयाची वस्तू एका भाषेत, एका साच्यात स्वस्त पडते, एवढेच. आणि दुसरा परिणाम आमच्यासारख्यांवरचा. एफएमची लहर उजेडासारखी सरळ जाते. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना ही सावली चांगली परिचित आहे. पण विज्ञानाहून धोरणाची सावली अधिक दाट आहे. लिलावासाठी शहरांचे वर्ग पाडले ते लोकसंख्येवरून, आणि २०११ चे धोरण उतरले ते एक लाख वस्तीच्या शहरापर्यंत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली, तीही शहरांचीच. मुरबाड त्या मापात बसत नाही, मग म्हशाची काय कथा! १९२७ च्या कंपनीचा तीस मैलांचा परीघ आणि आजची एक लाखाची अट, ह्या दोन्हींत फरक एवढाच की पहिला यंत्राच्या दुबळेपणाचा होता, दुसरा हिशेबाचा आहे. ज्याच्या खिशात खरेदी नाही त्याच्या कानाला बाजारात मोल नाही.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, त्यावर हवे ते गाणे ऐकता येते, मग रेडिओची चिंता कशाला? गाण्यापुरते हे खरे आहे. पण भाताची कापणी उघड्यावर पडलेली असताना आपल्या तालुक्यात उद्या पाऊस आहे का, घाटात दरड कोसळली आहे का, लसीकरणाची गाडी कोणत्या वाडीवर येणार, हे ठाकरवाडीतल्या म्हातारीला तिच्या बोलीत सांगणारा आवाज हवा असतो. तो फुकट हवा, अक्षर न येणाऱ्यालाही कळणारा हवा आणि रोजच्या ओळखीचा हवा. असा आवाज जाहिरातीला परवडत नाही आणि दिल्लीहून येत नाही. तो गावातूनच उठावा लागतो.

त्यासाठी सातबारावर एक लहानशी नोंद आता आहे. ती फारशी कोणी वाचलेली नाही, म्हणून येथे सांगतो. प्रथम शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून लोकोपयोगी काम करणाऱ्या संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्र चालविता येते. लहानसा ध्वनिक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला, लिलाव नाही, कोटींची बोली नाही. सातारा जिल्ह्यात दुष्काळी माणदेशातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' नावाचे असे केंद्र आहे. तेथल्या बायाबापड्यांचे आवाज त्यांच्याच बोलीत हवेत जातात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानेही शेतकऱ्यांसाठी असे केंद्र चालविले आहे. म्हसवडला जे जमले ते म्हशाला, मुरबाडला, शहापूरला का जमू नये? आमच्याकडे शाळा आहेत, गाणारे आहेत, वारकरी आहेत, तारप्यावर नाचणारी माणसे आहेत, आणि पावसाच्या चार महिन्यांत जगापासून तुटणाऱ्या वाड्याही आहेत.

कोणत्याही जत्रेचा एक रिवाज असतो. दुकानदार जागेचे भाडे भरतो आणि पाले ठोकतो. मिठाई, भांडी, घोंगड्या, पाळणे, सगळ्यांचा धंदा होतो आणि व्हावा, त्यावाचून जत्रेला शोभा नाही. पण देवापर्यंत जाणारी वाट कोणी भाड्याने देत नाही. ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी गावाची असते; आणि गाव गप्प बसले तर दर वर्षी एकेक पाल हातभर पुढे सरकते. हवेचेही तसेच आहे. न्यायालयाने मालक म्हणून आपले नाव लावून आता तीस वर्षे होऊन गेली. पण वहिवाट कोर्टाने मिळत नसते. ती आपण केली तर राहते. एखाद्या ग्रामसभेने, एखाद्या शिक्षणसंस्थेने, एखाद्या बचतगटाच्या संघाने ह्या दिवाळीनंतर अर्ज घेऊन बसावे आणि हवेतला आपला हातभर तुकडा मागावा. आमच्या तालुक्यातला असा पहिला अर्ज लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन.